पीएच मीटरच्या बफर कॅप्सूल (4, 7 आणि 9.2): काय सोसतात, काय सोसत नाहीत

प्लॅस्टिकची छोटी बाटली, आत दहा कॅप्सूल, वर 4.0, 7.0 किंवा 9.2 असा आकडा, आणि सूचना एका ओळीची: एक कॅप्सूल 100 मिली डिस्टिल्ड पाण्यात विरघळवा. कॉलेजची प्रयोगशाळा, माती परीक्षण केंद्र, साखर कारखान्याची लॅब, दूध संघ, सगळीकडे पीएच मीटर याच कॅप्सूलवर जुळवलं जातं. हा आढावा एका कंपनीचा नाही, या प्रकारच्या मालाचा आहे; कंपनी बदलली तरी आतली मिठं बहुतेक तीच असतात. आमचं मत आधीच सांगतो. 7ची कॅप्सूल पाचपैकी साडेचार, 4ची चार, 9.2ची तीन. तिसरीचे गुण कापले ते कंपनीच्या चुकीसाठी नाहीत. तिच्या स्वभावाला औषध नाही, म्हणून कापले.

मुळात ही पूड पाण्यात गेल्यावर करते काय? बफर तयार करते, म्हणजे थोडं आम्ल किंवा अल्क पडलं तरी ज्याचा सामू (पीएच) जेमतेम हलतो असं द्रावण. 7च्या कॅप्सूलमध्ये दोन फॉस्फेट असतात: पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट आणि डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट. पहिल्याकडे सोडायला एक प्रोटॉन शिल्लक आहे, दुसऱ्याकडे एक प्रोटॉन घ्यायला जागा रिकामी आहे. आम्ल पडलं की रिकामी जागा ते गिळते. अल्क पडलं की पहिलं आपला प्रोटॉन देऊन त्याला शमवतं. सामू ठरतो या दोघांच्या गुणोत्तरावर, आणि तोही गुणोत्तराच्या लॉगवर. बफरची सहनशक्ती सगळी त्या लॉगमध्ये आहे. गुणोत्तर थोडं हललं तर सामू जेमतेम हलतो.

आकड्यांत बघा. दोन्ही फॉस्फेट लिटरला 0.025 मोल घेतली की 25 अंशांना सामू 6.86 येतो. असं 100 मिली द्रावण, म्हणजे प्रत्येकी 2.5 मिलिमोल. त्यात 0.1 मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचं 1 मिली टाका. 0.1 मिलिमोल आम्ल आलं, गुणोत्तर 2.5 ला 2.5 होतं ते 2.4 ला 2.6 झालं, सामू 6.86 वरून 6.83 वर. तेवढंच आम्ल 100 मिली डिस्टिल्ड पाण्यात टाकलं असतं तर सामू थेट 3 वर आला असता. आता त्याच बफरमध्ये 10 मिली आम्ल टाका: 6.5. अजून तग धरून आहे. 24 मिली टाकलं की 5.2, आणि 25व्या मिलीला रिकाम्या जागा संपतात. त्यानंतर जे येईल ते सरळ द्रावणाच्या अंगावर. एफवायच्या प्रात्यक्षिकात हे ब्युरेटने थेंबाथेंबाने करून दाखवलं तर पोरांना सूत्र पाठ करावं लागत नाही.

7.0 लिहिलेल्या कॅप्सूलमध्ये हे गुणोत्तर एकास एक नसतं. हायड्रोजन फॉस्फेट सुमारे 1.4 पट ठेवून सामू 6.86 वरून 7.00 वर चढवलेला असतो. यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते, जी बाटलीवर कधीच लिहिलेली नसते: 7ची कॅप्सूल अर्धी करून 50 मिलीत टाकू नये. दोन मिठांची कोरडी पूड हलवाहलवीत सारखी मिसळलेली राहतेच असं नाही. एका अर्ध्यात एक मीठ जास्त गेलं की गुणोत्तर बिघडलं. दहा टक्क्यांचा फरक म्हणजे सामूत 0.04. 4 आणि 9.2 मध्ये मुख्य मीठ एकेकच असतं, तिथे अर्ध्या कॅप्सूलने एवढं नुकसान होत नाही.

ते एकच मीठ बफर कसं होतं, हा प्रश्न रास्त आहे. 4च्या कॅप्सूलमध्ये पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट असतं, लॅबच्या भाषेत केएचपी. थॅलिक आम्लाचे दोन प्रोटॉन, पैकी एक आधीच गेलेला. उरलेला रेणू प्रोटॉन देऊही शकतो आणि घेऊही शकतो, दोन्ही भूमिका एकाच नटाने केल्यासारखं. लिटरला 10.2 ग्रॅम, म्हणजे 100 मिलीला 1.02 ग्रॅम, की 25 अंशांना 4.01. टाकणखाराची, म्हणजे बोरॅक्सची, गंमत वेगळी आहे. पाण्यात गेल्यावर तो स्वतःच फुटतो आणि बोरिक आम्ल (कॅरमबोर्डावर टाकतात तीच पावडर) आणि बोरेट बरोबर सारख्या प्रमाणात देतो. एकास एक गुणोत्तर आयतंच मिळतं. 100 मिलीला 0.38 ग्रॅम, 25 अंशांना 9.18. कॅप्सूलवर 9.2 छापतात ते यालाच.

पण तिघांची ताकद सारखी नाही. लिटरभर द्रावणाचा सामू एकाने हलवायला किती मोल आम्ल किंवा अल्क लागेल, हे माप धरलं (बफर क्षमता, 1922 मध्ये अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञ व्हॅन स्लाइकने मांडलेली) तर फॉस्फेटची 0.029, टाकणखाराची 0.020 आणि थॅलेटची 0.016 भरते. थॅलेट सगळ्यांत लेचंपेचं, कारण 4 हा आकडा त्याच्या दोन पीकेए (ज्या सामूला निम्मे रेणू तो प्रोटॉन सोडून बसतात तो आकडा) मूल्यांच्या, म्हणजे साधारण 2.95 आणि 5.4च्या, मधल्या खोलगटात येतो. फॉस्फेट मात्र आपल्या पीकेएच्या मर्मावर उभं आहे.

आणि हा फरक सगळ्यांत आधी दिसतो तो पाण्यात. "डिस्टिल्ड" शब्द बाटलीवर आहे, पण घाईत नळाचं पाणी घेतलं जातं, आणि मग दोष कॅप्सूलवर येतो. समजा बोअरचं पाणी आहे, क्षारता 300 मिग्रॅ प्रति लिटर (कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात). म्हणजे लिटरमध्ये सुमारे 6 मिलिमोल बायकार्बोनेट. 4च्या सामूला हे बायकार्बोनेट जवळजवळ सगळंच्या सगळं प्रोटॉन खातं. 6 मिलिमोल भागिले थॅलेटची क्षमता 16 मिलिमोल (वरचे 0.016 मोल): सामू साडेतीन-पावणेचार दशांशांनी वर, म्हणजे 4.01 ऐवजी 4.35 ते 4.4. मीटर याच द्रावणाला 4.01 समजून शिकतं, आणि पुढे कैरीच्या लोणच्यापासून द्राक्षरसापर्यंत सगळंच जास्त आंबट दाखवतं. त्याच पाण्यात 7ची कॅप्सूल टाकली तर चूक फक्त 0.05च्या आसपास, कारण त्या सामूला बायकार्बोनेटचा चौथाच हिस्सा प्रोटॉन घेतो आणि फॉस्फेट दणकट आहे. मात्र कॅल्शियममुळे द्रावण गढुळतं, कॅल्शियम फॉस्फेटचा साका बसतो, तो वेगळाच ताप. घरच्या आरओचं 50 टीडीएसचं (लिटरला 50 मिग्रॅ विरघळलेले क्षार) पाणी 4च्या बफरला साधारण 0.03 ने चढवतं. शाळेला चालेल, अहवाल देणाऱ्या लॅबला नाही. गॅरेजमध्ये मिळणारं बॅटरीचं पाणी खरोखर डीमिनरलाइज्ड असेल तर उत्तम, पण टीडीएस मीटर बुडवून खात्री करून घ्या.

उलट एका गोष्टीची उगाच भीती घातली जाते. डिस्टिल्ड पाण्याचा सामू 5.6 दाखवतो, म्हणजे पाणी खराब, असं म्हणून चांगलं पाणी ओतून देतात. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड आहे, आणि त्यातलं आम्ल लिटरला काही मायक्रोमोल. बफरपुढे ते हत्तीपुढे मुंगी. तसंच, 100 मिलीऐवजी 110 मिली पाणी झालं म्हणून कॅप्सूल फेकू नका. पाणी दुप्पट, म्हणजे 200 मिली केलं तरी 4चा बफर 0.05 ने, 7चा 0.08 ने आणि 9.2चा अवघ्या 0.01 ने चढतो. पाण्यात दोन्ही मिठं सारखीच पातळ होतात, गुणोत्तर तसंच राहतं. थोडा फरक पडतो तो आयनांची गर्दी कमी होते म्हणून. त्यामुळे मेजरिंग सिलिंडर पुरतो, व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कचा हट्ट नको. पातळ केल्याने जाते ती क्षमता. तिचा हिशेब वेगळा.

कॅप्सूलची खरी परीक्षा तापमानात. बफर आम्ल सोसतो, अल्क सोसतो, उन्हाळा सोसत नाही. टाकणखाराचं बघा: 15 अंशांना 9.28, 20 ला 9.22, 25 ला 9.18, 30 ला 9.14, 40 ला 9.07. नागपुरात मे महिन्यात पंख्याखालच्या लॅबमध्ये द्रावण सहज 38-40 अंशांवर असतं. तिथे 9.2 म्हणून मीटर जुळवलं तर 0.13ची चूक पहिल्याच पायरीला. फॉस्फेट (6.86चं) 20 ते 40 अंशांत 6.88 वरून 6.84 वर येतं, थॅलेट 4.00 वरून 4.03 वर जातं. ही दोघं शहाणी आहेत. कॅप्सूलच्या बाटलीवर किंवा आतल्या कागदावर तापमानाचा तक्ता असेल तर माल घ्या. नसेल तर निदान 9.2 घेऊ नका. इथेच आम्ही बऱ्याच स्वस्त कॅप्सूलचे गुण कापतो. "9.2" एवढंच छापणं म्हणजे कोणत्या अंशाला, हे गिऱ्हाईकाच्या नशिबावर सोडणं.

"आमच्या मीटरला एटीसी आहे" हे याचं उत्तर नाही. एटीसी (तापमानानुसार आपोआप होणारी भरपाई) दुरुस्त करतं ती इलेक्ट्रोडची पट्टी: 25 अंशांना सामूच्या एका एककाला 59.16 मिलिव्होल्ट, 40 ला 62.1. बफरचा स्वतःचा आकडा बदलला, हे त्याला ठाऊक नसतं. मीटर बफर आपोआप ओळखणारं असेल तर त्याच्या पोटात तक्ता असतो, पण तो कोणत्या बफरचा, ते मेनूत बघावं लागतं.

यातून एक चूक इतकी सर्रास होते की तिच्यावर थांबायलाच हवं. पिवळ्या पेनसारख्या स्वस्त मीटरसोबत पुड्या येतात: 6.86, 4.00 किंवा 4.01, कधी 9.18. एक पुडी 250 मिलीला. ही एक मालिका. दुसरी मालिका 4.01, 7.00, 10.01. समजा टेबलावरचं मीटर दुसऱ्या मालिकेवर लावलेलं आहे आणि त्याला पुडीतला 6.86 दिला. मीटर त्याला 7.00 समजतं. चूक 0.14, म्हणजे जेमतेम 8 मिलिव्होल्ट. बहुतेक मीटर 30 मिलिव्होल्टपर्यंतचा सरक मुकाट्याने मान्य करतात. मग 4.01 दिला. खरं अंतर 2.85, मीटरने धरलं 2.99, उतार (इलेक्ट्रोडचा प्रतिसाद, आदर्शाच्या तुलनेत) निघाला 95 टक्के. पडद्यावर सगळं ठीक, हिरवी टिक. आणि काळ्या मातीचा 8.2 असलेला नमुना दाखवतो 8.4. शेतकऱ्याला जिप्समचा सल्ला जायचा की नाही, हे अशा दोन दशांशांवर ठरतं. पुड्या वाईट नाहीत, उलट 6.86चा फॉस्फेट हा तिघांत सगळ्यांत भरवशाचा. फक्त मीटरला खरा आकडा सांगा. ज्याला स्क्रू फिरवून जुळवायचं असतं त्या पेनला तर जो सांगाल तो आकडा चालतो.

द्रावण करताना कॅप्सूल चिमटीत धरून दोन्ही टोकं उलट फिरवली की उघडते. पूड बीकरमध्ये झटकून घ्या, टरफलाला चिकटलेली पूड चमच्याने टकटक करून काढा, आणि टरफल कचऱ्यात. काही जण अख्खी कॅप्सूल पाण्यात सोडतात, जिलेटिन विरघळतंही. पण ते प्रथिन आहे. इलेक्ट्रोडच्या जंक्शनवर (द्रावणाशी जोडणाऱ्या सच्छिद्र भागावर) त्याचा पातळ थर बसतो, वाचन रेंगाळतं, आणि बुरशीला तर जेवणच मिळतं. आधी 70-80 मिली पाण्यात हलवा, पूर्ण विरघळलं की 100 करा. केएचपी हट्टी आहे, थंड पाण्यात दोन-चार मिनिटं घेतं. गरम पाणी वापरलं तर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत थांबा. कॅप्सूलऐवजी गोळी असेल तर तळाशी थोडा पांढरा गाळ राहू शकतो. तो गोळी बांधायच्या द्रव्याचा असतो. निथळून घ्या, त्याने सामू बिघडत नाही.

तयार द्रावण किती टिकतं? घट्ट झाकणाच्या बाटलीत 4चं आणि 7चं द्रावण महिनाभर. 4 मध्ये पांढरे कापसासारखे धागे तरंगताना दिसले की ती बुरशी. गाळून वापरू नका, ओतून द्या. जुन्या लॅबमध्ये थायमॉलचा एक खडा टाकतात, तो उपाय खरा आहे. 9.2ला बुरशीचं भय नाही, हवेचं आहे. हवेतला कार्बन डायऑक्साइड शिरतो आणि बोरेटच्या रिकाम्या जागा एकेक करून भरतो. बाटली उघडीच राहिली तर सामू हळूहळू घसरत जातो. हवेशी पुरता समतोल साधला तर हिशेबाने 8.9च्या आसपास येऊन थांबेल. इथे बफर निकामी होत नाही, तो इमानेइतबारे आम्ल पचवतच असतो. फक्त आपण त्याच्याकडून 9.18ची अपेक्षा करतो, आणि तेवढं आता त्याच्याकडे उरलेलं नाही. म्हणून 9.2 लहान बाटलीत, काठोकाठ, आणि आठवड्याच्या आत संपवा. खरं तर ज्या दिवशी लागेल त्याच दिवशी करा. कॅप्सूल घेण्याचा हाच तर फायदा. तयार द्रावणाची 500 मिलीची बाटली महिन्यातून दोनदा मीटर लावणाऱ्या शाळेला परवडत नाही, उघडल्यापासून तिचंही घड्याळ चालू होतं. याउलट रोज वीस नमुने आणि लेखापरीक्षण असलेल्या लॅबने कॅप्सूलच्या नादी लागू नये. तिथे तयार बाटली, तिचं प्रमाणपत्र, लॉट नंबर हवा.

वापरताना एका वेळी 30-40 मिली वेगळ्या लहान बीकरमध्ये घ्या, आणि वापरलेलं परत बाटलीत ओतू नका. इलेक्ट्रोड धुतला नाही आणि 4चं मिलीभर द्रावण 7च्या 50 मिलीत गेलं तर सामू 0.03 ने उतरतो. एकदा केलं तर कळतही नाही, रोज केलं तर आठवड्यात बाटली वाया. एखाददुसरा थेंब मात्र फॉस्फेट सहज रिचवतं.

आधी 7, मग नमुना ज्या बाजूला असेल ती बाजू. महाराष्ट्रातल्या काळ्या जमिनींचा सामू बहुतेक साडेसात ते साडेआठ, तरी सवयीने 7 आणि 4 वर जुळवतात. 7 आणि 9.2 घ्या, जोडी नमुन्याच्या दोन्ही अंगांना हवी. दही, रस, लोणचं यांना 7 आणि 4. नाशिककडच्या वाइनवाल्यांची अडचण अशी की द्राक्षरस 3.2 ते 3.6 मध्ये असतो आणि कॅप्सूल 4 वर थांबते. त्यांनी पोटॅशियम हायड्रोजन टार्टरेटचं संपृक्त द्रावण करावं: लिटरला 7 ग्रॅमहून जास्त, 25 अंशांना चांगलं हलवून, वरचं निथळून. सामू 3.56, वजन काटेकोर घ्यायचीही गरज नाही. बुरशी पटकन येते एवढंच.

मीटर मिलिव्होल्ट दाखवत असेल तर कॅप्सूल तपासायचा सोपा मार्ग आहे. 25 अंशांना 7.00 आणि 4.01 मध्ये 177 मिलिव्होल्टचा फरक हवा. 168च्या वर असेल तर इलेक्ट्रोड ठीक, 160च्या खाली गेला तर आधी इलेक्ट्रोड धुवा. 7.00 आणि 9.18 मध्ये 129 हवा. पहिली जोडी बरोबर येते आणि दुसरी 118-120 वर अडकते, तर इलेक्ट्रोडला शिव्या देण्याआधी 9.2ची नवी कॅप्सूल फोडा. इलेक्ट्रोड म्हातारा असेल तर तो सहसा दोन्हीकडे कमी पडतो. एकाच बाजूला कमी दिसलं तर बहुतेक वेळा हवा खाल्लेला टाकणखार असतो.

विकत घेताना बाटली हलवून बघा. कॅप्सूल सुट्या खुळखुळायला हव्यात. कोकणातल्या पावसाळ्यात जिलेटिन ओल धरतं आणि सगळ्या एकमेकींना चिकटून गोळा होतो. चिकटलेली ओढताना फाटली की पूड सांडते, आणि 7ची असेल तर ती कॅप्सूल गेली. सिलिका जेलची पुडी आत असू द्या, बाटली फ्रिजमध्ये ठेवू नका, बाहेर काढल्यावर दव धरतं. कोरड्या उन्हाळ्यात टाकणखारातलं थोडं पाणी उडालं तर काळजी नाही. कॅप्सूल भरली तेव्हाच आतले मोल ठरले, वजन घटलं तरी बोरॉन तेवढाच आहे. आणि लेबलवर ±0.02 आहे की ±0.05, तेही वाचा. ±0.05ची कॅप्सूल घेऊन दोन दशांश दाखवणारं मीटर जुळवायचं असेल, तर दुसरा दशांश वहीत लिहू नका.